खानापूरच्या पाणंदीतून ट्रूडोसच्या जंगलात: सायप्रसमधील ग्रॅव्हल सायकलिंगची तयारी

जांबोटी ते कणकुंबी या पट्ट्यात जंगलाकाठच्या वाटांवर ज्यांनी सायकल चालवली आहे, त्यांना मातीचा रस्ता कसा असतो हे वेगळे सांगण्याची गरज नाही. तरीही बेळगाव-खानापूरकडून सायप्रसला निघालेला सायकलस्वार महिनोन्‌महिने चढाचा सराव करतो आणि उताराचा विचार विमानात बसल्यावर करतो. ट्रूडोसचा डोंगर चढण्यासाठी हलका गिअर आणि सबुरी एवढे पुरते. सहल बिघडते ती उतरताना, सुट्या दगडांच्या वळणावर, जवळचे गाव दोन दऱ्यांपलीकडे असताना. त्यामुळे या लेखात उतरण्याच्या बाजूला झुकते माप दिले आहे.

ग्रॅव्हल सायकल म्हणजे वाकड्या हँडलची, रस्त्यावरच्या सायकलीसारखी दिसणारी, परंतु रुंद टायर, डिस्क ब्रेक आणि हलके गिअर असलेली सायकल. आपल्याकडे बहुतेकांजवळ एमटीबी म्हणजे डोंगरी वाटांची माउंटन बाइक असते आणि तीही तिकडे उत्तम चालते. किंबहुना पहिल्यांदाच जाणाऱ्याने पुढे सस्पेन्शन असलेली एमटीबी वापरली तर त्यात काहीही कमीपणा नाही.

प्रथम जमीन समजून घ्यावी, कारण टायरपासून ब्रेकपर्यंत सगळे त्यावरच ठरते. ट्रूडोस ही सायप्रस बेटाच्या मध्य-पश्चिम भागातली पर्वतरांग असून ऑलिंपस हे तिचे सर्वोच्च शिखर १,९५२ मीटर उंच आहे. भूगर्भशास्त्राच्या दृष्टीने हा डोंगर म्हणजे वर उचलला गेलेला प्राचीन समुद्रतळ आहे आणि त्याच वैशिष्ट्यामुळे युनेस्कोने २०१५ साली त्याला जागतिक भूउद्यानाचा दर्जा दिला. आपल्याकडच्या तांबड्या जांभ्याचा मुरूम चाकाखाली दबतो, पावसात चिखल होतो आणि उन्हाळ्यात मैद्यासारखी धूळ होते. तिकडचे गॅब्रो आणि डायबेस हे अग्निजन्य खडक फुटले की त्यांच्या कडा धारदार राहतात. असे तुकडे चाकाखाली दबत नाहीत, घरंगळतात. ट्रेकला जाणारी मंडळी ज्याला घसारा म्हणतात, तो तिथे थेट रस्त्यावर पसरलेला असतो.

म्हणून टायर किमान ४० मिलिमीटर रुंद आणि बाजूच्या भिंती जाड असलेले घ्यावेत. ट्यूबलेस करून आत सीलंट, म्हणजे बारीक छिद्रे आपोआप बुजवणारे द्रव, घालावे, आणि तरीही एक सुटी ट्यूब, टायरच्या आतून लावण्याचा जाड तुकडा व हातपंप सोबत ठेवावा, कारण दगडाने टायरची बाजू कापली तर सीलंटचा फारसा उपयोग होत नाही. हवा किती ठेवावी हा प्रश्न हमखास येतो. सत्तर किलोच्या आसपास वजन असलेल्या माणसाने ४० ते ४५ मिलिमीटरच्या ट्यूबलेस टायरमध्ये ३० ते ३५ पीएसआयपासून (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजण्याचे एकक) सुरुवात करावी आणि ट्यूब असल्यास पाचेक पीएसआय अधिक ठेवावे. आपल्याकडच्या दुकानात कॉम्प्रेसर लावून टायर दगडासारखा टणक करून देण्याची जी पद्धत आहे, ती या रस्त्यांवर घातक ठरते. टणक टायर प्रत्येक खड्यावरून उडतो आणि उडालेल्या चाकाला ब्रेक लागत नाही. गिअरच्या बाबतीत एवढेच की सर्वांत हलक्या गिअरमध्ये पुढच्या दातांची संख्या मागच्या दातांपेक्षा जास्त नसावी, आणि सामान लादून जायचे असल्यास ती कमीच असावी.

ऋतूचे गणित आपल्या उलट आहे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस असतो. भूमध्य समुद्राच्या हवामानात हेच महिने कोरडे ठणठणीत असतात आणि पाऊस हिवाळ्यात पडतो. जानेवारी-फेब्रुवारीत ऑलिंपसच्या माथ्यावर बर्फ असते व तिथे स्कीइंगही चालते. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर हे महिने सर्वांत सोयीचे. एप्रिलमध्ये गेल्यास हिवाळ्यातल्या पावसाने रस्ता कुठे वाहून गेला आहे का याची चौकशी करावी आणि एक जाकीट जवळ ठेवावे, कारण समुद्रकाठी घाम निघत असताना वर संध्याकाळी दातावर दात आपटतात. जुलै-ऑगस्ट टाळावेत. त्याचे कारण उकाड्याबरोबरच वणवाही आहे. जुलै २०२१ मध्ये लिमासोल जिल्ह्यात ट्रूडोसच्या दक्षिण उतारावर लागलेल्या आगीत चार इजिप्शियन मजुरांचा बळी गेला. तिथे पाइनचे जंगल राळेने भरलेले असते आणि काही तासांत आग डोंगर ओलांडते.

आता सराव. चढासाठी गोव्याकडच्या केरीहून चोर्ला घाट चढून यावा; डांबरी असला तरी लांब चढावर एका लयीत पाय फिरवत राहण्याची सवय त्याच्याने लागते. येळ्ळूरचा राजहंसगड किंवा देवरवाडीचा वैजनाथ हे चढ आखूड असल्याने कामाच्या दिवशी सकाळीही जमतात. उताराचा सराव मात्र मातीवरच करावा आणि तो डिसेंबरनंतर, पाणंदी वाळून वरचा मुरूम सुटा झाल्यावर करावा. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय सायकल घालू नये. तिथे गवे आणि अस्वले आहेत, आणि सरावाला शेतांमधल्या पाणंदी भरपूर आहेत.

एखादा दीड-दोनशे मीटरचा सुट्या खडीचा उतार निवडावा आणि तोच दहा वेळा उतरावा. हात हँडलच्या खालच्या वाकावर, दोन बोटे ब्रेकवर, कोपर सैल, बूड सीटवरून किंचित उचललेले आणि मागे सरकलेले, दोन्ही पेडल जमिनीला समांतर. नजर पुढच्या चाकासमोर न ठेवता दहा-पंधरा मीटर पुढे ठेवावी. ज्या दगडाकडे आपण टक लावून पाहतो, चाक त्याच दगडावर जाते. वेग वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर कमी करावा, वळणात ब्रेक सैल सोडावा आणि बाहेरच्या बाजूचा पाय खाली दाबावा. बरेच जण भीतीपोटी फक्त मागचा ब्रेक धरतात; त्याने मागचे चाक अडकून घसरते आणि वेग फारसा उतरत नाही. पुढचा ब्रेक हळूहळू, लिंबू पिळावे तसा दाबत न्यावा आणि चाक घसरू लागल्याचे जाणवताच सोडावा. दहाव्या फेरीला खांदे दुखत नसतील तर अंग सैल राहिले असे समजावे.

ट्रूडोसमधील उतार मात्र दीडशे मीटरवर संपत नाही, तास-तास चालतो. सतत धरून ठेवलेला ब्रेक तापतो आणि त्याची पकड कमी होते, म्हणून थोडा वेळ जोरात दाबावा आणि मग पूर्ण सोडावा. हाताला मुंग्या आल्या तर थांबावे. दोन गोष्टी आपल्याकडे सहसा भेटत नाहीत. एक, गाड्यांच्या वर्दळीने रस्त्यावर पडलेल्या पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा. त्यांवरून जाताना कडेचा गुळगुळीत पट्टा शोधावा. दुसरी, डांबरी वळणांवर साचलेल्या पाइनच्या सुया. त्या कोरड्या असतानाही आपल्या पावसाळी शेवाळाइतक्या निसरड्या असतात.

ब्रेकबद्दल आणखी एक सूचना, जी मी स्वतः पडल्याशिवाय शिकलो नाही. आपल्याकडे बहुतेक सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, युरोपात पुष्कळदा तो डाव्या हाताला असतो आणि सायप्रसमध्ये भाड्याने मिळणारी सायकल दोन्हीपैकी कशीही असू शकते. दुकानातून बाहेर पडण्यापूर्वी चाक उचलून तपासावे आणि हवे तर बदलून मागावे. सायप्रस १९६० पर्यंत ब्रिटिशांच्या ताब्यात असल्याने वाहने मात्र आपल्यासारखीच डावीकडून चालतात आणि विजेची खोबणी ब्रिटिश पद्धतीची, चौकोनी तीन पिनांची असते.

प्रवास बेळगावच्या सांबरा विमानतळावरून मुंबई किंवा बंगळूर आणि तिथून आखाती देशातील एखाद्या शहरात विमान बदलून लार्नाका असा करता येतो. व्हिसाच्या अटी तिकीट काढण्याआधी दूतावासाकडून जाणून घ्याव्यात. चलन युरो आहे. स्वतःची सायकल न्यायची असल्यास मागच्या गिअरची यंत्रणा ज्या पट्टीवर असते ती हँगरपट्टी आपल्याच मॉडेलची एक जास्तीची जवळ ठेवावी. खोक्यात सर्वांत आधी वाकते ती तीच आणि डोंगरातल्या गावात ती मिळत नाही. बरोबर कुंदा नेण्याचा मोह आवरावा, कारण युरोपीय संघात बाहेरून दुग्धजन्य पदार्थ आणण्यास बंदी आहे. शेंगदाण्याची चिक्की मात्र चढावर सोन्याच्या मोलाची ठरते.

मुक्कामासाठी सुमारे ११०० मीटरवरचे प्लात्रेस हे गाव सोयीचे आहे. पहिला दिवस ट्रूडोसच्या माथ्याभोवती, काळ्या पाइनच्या जंगलात, पाय आणि ब्रेक जुळवून घेण्यात घालवावा. आर्टेमिससारख्या निसर्गवाटा चालणाऱ्यांसाठी आखलेल्या आहेत. सायकलीसाठी वनखात्याचे मातीचे रुंद रस्ते धरावेत. नकाशावर डोंगराच्या धारेवरून सरळ वर चढणारी रेघ दिसली तर ती बहुधा जाळरेषा, म्हणजे वणवा पसरू नये म्हणून झाडी काढून मोकळा ठेवलेला पट्टा, असते. तिच्यावर सायकल ढकलत न्यावी लागते, आणि कधी खांद्यावरही घ्यावी लागते.

खरी मजा पश्चिमेकडच्या पाफोसच्या जंगलात आहे. प्रोद्रोमोसहून किक्कोसच्या मठाकडे जावे. अकराव्या-बाराव्या शतकाच्या संधिकाळात बायझंटाइन सम्राट अलेक्सिओस कोम्नेनोस याच्या आश्रयाने स्थापन झालेला हा मठ आजही नांदता आहे, आणि पाणी भरून घेण्याची ती शेवटची भरवशाची जागा आहे. तिथून पुढे देवदार दरी लागते. हा देवदार केवळ सायप्रसमध्ये आढळतो आणि त्याच्या सुया इतर देवदारांपेक्षा आखूड असतात. दरीच्या पुढे मातीच्या रस्त्याने स्ताव्रोस तिस प्सोकास हे वनखात्याचे ठाणे गाठता येते, जिथे कुंपणात राखलेल्या मुफलॉन या रानमेंढ्या पाहायला मिळतात. मोकळ्या जंगलात त्या क्वचितच दिसतात. इथे मुक्काम करायचा असल्यास सोय सुरू आहे की नाही हे आधी विचारून ठेवावे. दुसऱ्या दिवशी पानो पनायिया या गावाकडे उतरावे. सायप्रसचे पहिले राष्ट्राध्यक्ष आर्चबिशप मकारिओस यांचा जन्म याच गावचा. वेळ असल्यास केलेफोस आणि रूदियाच्या दगडी कमानी पुलांसाठी एक दिवस वेगळा ठेवावा. व्हेनिसच्या अमदानीशी, म्हणजे १४८९ ते १५७१ या काळाशी, जोडले जाणारे हे पूल झऱ्यांच्या काठी झाडीत लपलेले आहेत आणि त्यांच्यापर्यंतचे उतार या सगळ्या भागात माझ्या सर्वांत आवडीचे आहेत.

या जंगलात गावे विरळ आहेत. प्रत्येकी तीन लिटर पाणी घेऊन निघावे. उन्हाळ्याकडे झुकलेल्या दिवसांत झऱ्यांचा भरवसा धरू नये. गावात शिरल्यावर चौकातले कॉफीचे दुकान शोधावे. आपल्याकडच्या पारावरच्या म्हाताऱ्यांसारखी मंडळी तिथे बसलेली असतात आणि पुढचा रस्ता खचला आहे का हे नकाशापेक्षा त्यांना अधिक ठाऊक असते. शाकाहारी माणसाचे पोट हलूमी चीज, पाव, ऑलिव्ह आणि टोमॅटो यांवर व्यवस्थित भरते.

जनावरांची भीती आपल्या जंगलाच्या मानाने नगण्य आहे. बेटावर कोल्ह्याहून मोठा मांसाहारी प्राणी नाही. बोथट नाकाचा व्हायपर हा विषारी साप मात्र आहे, म्हणून दगडांच्या ढिगात हात घालू नये. वसंत ऋतूच्या सुरुवातीला पाइनवरचे सुरवंट एकामागोमाग एक रांगेने जमिनीवरून चालतात. त्यांचे केस आपल्या खाजकुइलीसारखे त्रास देतात, तेव्हा त्या झाडांखाली बसून डबा उघडू नये. ठरवून दिलेल्या जागेखेरीज कुठेही चूल किंवा स्टोव्ह पेटवू नये. धूर दिसल्यास १४०७ या वनखात्याच्या क्रमांकावर कळवावे. अपघातासाठी ११२ हा क्रमांक आहे. दऱ्यांमध्ये मोबाइलला रेंज नसते, म्हणून नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्यावा, दिवसाचा मार्ग मुक्कामाच्या ठिकाणी सांगून निघावे आणि एकट्याने जाण्याचा हट्ट करू नये.

रोज संध्याकाळी ब्रेकचे पॅड पाहावेत. धारदार धुळीत ते आपल्याकडच्यापेक्षा फार लवकर झिजतात. धातूच्या पट्टीवर एक मिलिमीटरहून कमी थर उरला असेल तर उद्याच्या उतारापूर्वी बदलावेत, आणि त्यासाठी पुढच्या व मागच्या चाकाचा एकेक जोड बेळगावहूनच पिशवीत टाकून न्यावा.