दुःखाचा अर्थ कसा शोधायचा, आणि कधी शोधायचाच नाही

हे वाचणाऱ्यांपैकी काहीजण आत्ता या क्षणी दुःखात असतील म्हणून महत्त्वाचं आधीच सांगते, दुःख ताजं असताना त्याचा अर्थ शोधायला बसू नका. माणूस जाऊन आठवडाही झालेला नसतो, किंवा रिपोर्ट कालच हातात आलेला असतो, आणि डोक्यात एकच चक्र सुरू होतं, हे माझ्याच वाट्याला का, मी कुणाचं काय वाईट केलं होतं. त्या वेळी या प्रश्नाला उत्तर मिळत नाही आणि मिळालंच तर ते बहुतेक वेळा स्वतःला दोष देणारं असतं. तेव्हा झोप होतीये का, पोटात दोन घास जातायत का, जवळ कुणी आहे का एवढंच बघा. बाकीच्याला घाई नाही.

थोडं सावरलात की मग कारण आणि अर्थ हे दोन प्रश्न एकमेकांपासून सोडवून घ्या. आजार का झाला हे डॉक्टर सांगतील, अपघात का झाला हे वेग, ब्रेक, पाऊस यात सापडेल, आणि पुष्कळदा उत्तर नुसतं योगायोग एवढंच निघतं, तेच पचायला सगळ्यात जड जातं. अर्थाचा प्रश्न हा नाहीये. तो असा आहे की हे तर झालंय, आता मी कसं जगायचं आणि कशासाठी. का झालं ते एकदा कळलं की पुढचं आपोआप सुटेल असं वाटत राहतं आणि त्यात वर्षंच्या वर्षं जातात, पण तसं सुटत नाही हो.

आणि 'का' या प्रश्नाने भल्याभल्यांना दमवलंय. 1710 मध्ये लायब्निझ या जर्मन तत्त्वज्ञाने मांडलं होतं की देवाने शक्य असलेल्या जगांपैकी सगळ्यात चांगलं जग निवडलंय, म्हणजे यातल्या दुःखालाही कुठेतरी जागा आहे. मग 1 नोव्हेंबर 1755 ला लिस्बनमध्ये भूकंप झाला, सणाचा दिवस होता, लोक प्रार्थनेला चर्चमध्ये जमलेले, वरून समुद्राच्या लाटा आल्या, आगी लागल्या, हजारो माणसं गेली. व्हॉल्तेअर या फ्रेंच लेखकासारख्यांनी तेव्हाच विचारलं की ही कुठली व्यवस्था. तो वाद आजही मिटलेला नाही, तेव्हा रात्री दोन वाजता एकट्याने पडल्या पडल्या तुम्हाला त्याचं उत्तर सापडलं नाही तर त्यात तुमची काही कमतरता नाही.

आता लोकांचं. "चेकअप वेळेवर केलं नव्हतं का?", "त्या दिवशी गाडी काढायलाच नको होती", असं भेटायला आलेली माणसं बोलतात आणि ते वर्षानुवर्षं टोचत राहतं. असं का बोलतात हे कळलं तर जरा बरं पडतं. मेल्विन लर्नर या मानसशास्त्रज्ञाने 1960 च्या दशकात प्रयोग केले, त्यात लोकांना एका बाईला विजेचे झटके बसताना दाखवले (ते नाटक होतं, पण बघणाऱ्यांना माहीत नव्हतं). जिथे बघणाऱ्यांना ते थांबवता येत नव्हतं तिथे ते हळूहळू त्या बाईलाच कमी लेखायला लागले. जग न्यायाने चालतं हा विश्वास माणसाला सोडवत नाही, म्हणून ज्याला त्रास होतोय त्याचंच काहीतरी चुकलं असणार असं मन ठरवून टाकतं. म्हणजे ते प्रश्न तुमच्याबद्दल कमी आणि त्यांच्या स्वतःच्या भीतीबद्दल जास्त असतात. आणि हीच गोष्ट आपण स्वतःशीही करतो, माझंच काहीतरी चुकलं असं धरलं की निदान जगाला काही नियम आहे एवढा दिलासा मिळतो, पण तो दिलासा फार महाग पडतो.

आता खरं काम. एक कागद घ्या आणि त्याचे चार भाग करा. ही कल्पना सिसिली साँडर्स यांच्या विचारावर बेतलेली आहे, त्या आधी नर्स होत्या, मग डॉक्टर झाल्या आणि 1967 मध्ये लंडनला त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या पेशंटची काळजी घेणारी जागा, सुरू केलं. मरणाच्या दारात असलेल्या पेशंटचं ऐकून ऐकून त्यांच्या लक्षात आलं की दुखणं एकच नसतं, शरीराचं असतं, मनाचं असतं, नात्यांचं आणि पैशाचं असतं, आणि चौथं ते, हे सगळं कशासाठी, असं विचारणारं. चारही एकमेकांत गुंतून एकच मोठा गोळा झालेला असतो आणि आपण त्या सगळ्या गोळ्यालाच अर्थ द्यायला बघतो.

माझ्या ओळखीची एक बाई अंथरुणाला खिळलेल्या आईचं सगळं करते. ती म्हणायची की माझं दुःख एकच, आईची ही अवस्था. कागदावर लिहायला बसली तेव्हा पहिल्या भागात आलं, उचलून उचलून कंबर गेलीये. दुसऱ्यात, रात्री तीनदा उठावं लागतं त्यामुळे दिवसभर चिडचिड आणि मग त्या चिडचिडीचा अपराधीपणा. तिसऱ्यात आलं, भाऊ महिनोन्महिने फोन करत नाही. चौथ्यात तिने एकच ओळ लिहिली, आई आता मला ओळखत नाही, मग मी हे कुणासाठी करतेय. पहिल्या तिन्हींवर काहीतरी करण्यासारखं होतं. फिजिओथेरपिस्टने उचलायची पद्धत बदलून दिली, आठवड्यातल्या काही रात्री मदतीला माणूस ठेवला, भावाला आडून नाही तर सरळ सांगितलं की हे हे तू कर. चौथी ओळ तशीच राहिली, पण आता तिच्याकडे बघायला जागा झाली. बऱ्याच महिन्यांनी तिने त्याखाली लिहिलं, कूस बदलून दिली की तिच्या कपाळावरची आठी जाते, ती आठी जावी म्हणून करते. एवढंच. बाहेरच्याला हे काहीच वाटणार नाही, पण ते तिचं आहे आणि ते तिला पुरतं.

मला कळकळीने सांगायचंय ते हेच, जे कमी करता येतं ते आधी कमी करा, आणि जे उरतं त्याचाच अर्थ शोधा. व्हिक्टर फ्रांकल हे व्हिएन्नाचे मानसोपचारतज्ज्ञ चार नाझी छळछावण्यांमधून जिवंत सुटले, 1945 मध्ये, आई, वडील, भाऊ, बायको सगळी गमावून. दुःखातही अर्थ सापडू शकतो हे त्यांनी आयुष्यभर सांगितलं, पण ते टळू न शकणाऱ्या दुःखाबद्दल. टाळता येणारं दुःख सोसत बसण्यात त्यांना काहीच मोठेपणा दिसत नव्हता. हा अर्धा भाग लोक गाळतात आणि मग मारहाण करणाऱ्या नवऱ्याकडे परत जा, सोसण्यात पुण्य आहे असले सल्ले दिले जातात. ते साफ चूक आहे.

उरलेल्यासाठी लिहून बघा. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञांनी 1980 च्या दशकापासून यावर अभ्यास केलाय, पद्धत साधी आहे, सलग तीन-चार दिवस रोज पंधरा-वीस मिनिटं, जे झालं आणि त्याबद्दल जे वाटतं ते न थांबता लिहायचं, शुद्धलेखन बघायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही, वाटलं तर फाडून टाका. लिहून झाल्यावर लगेच जरा उदास वाटतं, ते नॉर्मल आहे, पण अंगावर यायला लागलं तर थांबा. रोज तेच ते रडगाणं येतंय की "आता कळतंय", "त्यामुळे" असे शब्द डोकवायला लागलेत यावर लक्ष ठेवा, कारण ज्यांना फायदा झाला त्यांच्या लिखाणात असे शब्द वाढत गेलेले दिसले. याचा परिणाम फार मोठा नसतो आणि सगळ्यांना होतो असंही नाही, पण करून बघायला काही लागत नाही.

दुःखाने माणूस घडतो हे वाक्य मात्र कुणी तोंडावर फेकलं तर मनावर घेऊ नका. काहींच्यात नंतर बदल होतो खरा, नाती घट्ट होतात, प्राधान्यं बदलतात, टेडेस्की आणि कॅल्हून या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1990 च्या दशकात यावर बरंच काम केलं, पण त्यांनीही हेच सांगितलं की वाढ होते ती घटनेमुळे नाही, नंतरच्या झगड्यातून, आणि वाढ झाली म्हणून वेदना संपते असं नाही. कुणाकुणाला दुःख नुसतं मोडतं. त्यांनी काही कमी केलं असं नसतं.

आणि सहा महिने उलटून गेले तरी रोजचं जगणं जमत नसेल, किंवा मरणाचे विचार येत असतील (यासाठी एक दिवसही थांबू नका), तर सरळ डॉक्टरकडे जा. लांबलेला शोक आता जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतही आहे. गोळी घेतली म्हणून दुःख खोटं ठरत नाही.

दुसऱ्याच्या दुःखात जायचं असेल तर काम सोपं आहे, बोलायचं कमी. बायबलमध्ये ईयोब नावाचा एक भला माणूस आहे, त्याचं सगळं जातं, तेव्हा त्याचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर ते चांगले मित्र होते, तोंड उघडून कारणं द्यायला लागले आणि सगळं बिघडलं. तेव्हा अर्थ तुम्ही देऊ नका, तो द्यायचा अधिकार फक्त त्या माणसाचा. "काही लागलं तर सांग" असंही नको, ते कुणी सांगत नाही, त्यापेक्षा "उद्या सकाळी मुलांना शाळेत मी सोडते" असं म्हणा. गेलेल्या माणसाचं नाव घ्या, विषय टाळू नका. आणि तीन-चार महिन्यांनी परत फोन करा, तोवर बाकीच्यांचे फोन थांबलेले असतात.