विमानप्रवासाचे अंतर आणि वेळ यांचा अंदाज

दोन दूरच्या विमानतळांमधील अंतर सपाट नकाशावर पट्टी ठेवून मोजू नये, कारण पृथ्वी गोल असल्याने सर्वांत जवळचा मार्ग बृहद्वर्तुळावरून (म्हणजे पृथ्वीगोलाचे दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळावरून) जातो आणि नकाशावर तो वाकडा दिसतो. घरात पृथ्वीगोल असल्यास दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून पाहावा, हे चटकन पटते. मुंबई ते लंडन हे अंतर अशा रीतीने सुमारे 7,200 किलोमीटर भरते. प्रवासी जेट विमानाचा सरासरी वेग ताशी 850 किलोमीटर धरला, तर साडेआठ तास होतात. त्यात धावपट्टीपर्यंत जाणे, चढणे आणि उतरणे यांसाठी अर्धा तास मिळवावा. पश्चिमेकडे जाताना उंचावरील वारे बहुधा समोरून येतात, म्हणून जाण्यास परतीपेक्षा अधिक वेळ लागतो. एखाद्या देशाचे आकाश बंद असल्यास वळसाही पडतो.

तिकिटावरील वेळा मात्र स्थानिक असतात, आणि घोटाळा बहुतेकांचा इथेच होतो. ब्रिटनमधील उन्हाळ्यात लंडन भारताच्या साडेचार तास मागे असते, हिवाळ्यात साडेपाच. त्यामुळे जुलैमध्ये दुपारी 1 वाजता निघून तिथल्या सायंकाळी 6 वाजता पोहोचणारे विमान प्रत्यक्षात साडेनऊ तास प्रवास करते.