१२३४५६७८९ हाताने कसा फोडायचा

एक ते नऊ ओळीने लिहिले की होतो तो आकडा, १२,३४,५६,७८९. याचे मूळ अवयव (prime factors) काढायचेत, मोबाईल लांब ठेवून, फक्त कागद पेन घेऊन.

आधी सोपं उरकून घ्या. शेवटी ९ आहे म्हणजे २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ४५, म्हणून ९ ने भाग जाणारच (हेच अंक कसेही उलटसुलट लावले तरी बेरीज ४५च, त्यामुळे त्यातून मूळ संख्या कधीच बनणार नाही). भागून आले १,३७,१७,४२१, याची बेरीज २६, म्हणजे ३ चा विषय संपला. ७, ११, १३ साठी तीन भागाकार करत बसू नका, ७×११×१३ = १००१ होतात ना, मग उजवीकडून तीन तीन अंकांचे गट पाडा आणि आलटून पालटून वजा अधिक करा: ४२१ − ७१७ + १३ = −२८३. आता फक्त २८३ तपासायचे, तिघांपैकी कुणाचाच भाग जात नाही.

इथेच बरेच जण अडकतात. मी पण पहिल्यांदा १७, १९, २३ असं एकेक करत निघालो आणि दोन पानं भरल्यावर वही मिटली, नंतर कळलं की पुढचा अवयव यायला जवळपास पाचशे मूळ संख्या तपासाव्या लागल्या असत्या!

त्यापेक्षा फ्रेंच गणितज्ञ फर्माची युक्ती वापरा. शाळेतलं अ² − ब² = (अ+ब)(अ−ब) आठवतंय ना, तेच. अ चा वर्ग करा, त्यातून आपली संख्या वजा करा, उरलेला आकडा पूर्ण वर्ग (ब²) निघाला की अ+ब आणि अ−ब हेच अवयव. १,३७,१७,४२१ चं वर्गमूळ ३७०३ च्या थोडं पुढे येतं, म्हणून ३७०४ पासून सुरू करा. ३७०४² मधून आपली संख्या वजा केली की २१९५ उरतात, हा वर्ग नाही, कारण ५ ने संपणारा वर्ग नेहमी २५ ने संपतो, वर्गमूळ काढायचीही गरज नाही. आता ३७०५. शेवटी ५ आहे म्हणून ३७०×३७१ = १,३७,२७०, पुढे २५ चिकटवा, १,३७,२७,०२५. वजाबाकी ९६०४, म्हणजे ९८ चा वर्ग! झालं काम. ३७०५ − ९८ = ३६०७, ३७०५ + ९८ = ३८०३. दोन्ही मूळ आहेत, खात्री करायची तर ६१ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघा.

म्हणजे उत्तर ३² × ३६०७ × ३८०३, आणि एकूण विभाजक (प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार) ३×२×२ = १२.

पण ही युक्ती दोन अवयव जवळजवळ असतील तरच पटकन चालते. ९८७६५४३२१ वर लावलीत तर बसाल रात्रभर, तिथे ९ काढल्यावर सरळ १७ ने भागा, दोनदा जातो.

सरावाला फर्माने स्वतः फोडलेला २,०२,७६,५१,२८१ घ्या. ४५०३० पासून सुरू करा, बाराव्या पायरीला सुटतो.