शब्दखेळात अनोळखी शब्द कसा तपासावा

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेसाठी पाहुणे सोलापुरात आले की दुपारची जेवणे आटोपल्यावर आमच्या घरी अक्षरांच्या सोंगट्यांचा डाव मांडला जातो आणि तासाभरात हमखास वाद होतो. एक जण म्हणतो, हा शब्दच नाही. दुसरा म्हणतो, आमच्याकडे रोज वापरतात. आणि ज्याचा आवाज मोठा त्याचे गुण वहीत चढतात. हे टाळायचे असेल तर निवाड्याची पद्धत पहिली सोंगटी पटावर पडण्यापूर्वीच ठरवावी.

सर्वांत आधी कोश निश्चित करावा. इंग्रजी स्क्रॅबलच्या स्पर्धांसाठी ठरलेली शब्दयादी असते; अमेरिकी यादीत २००६ साली ‘क्यू’ आणि ‘आय’ या दोनच अक्षरांचा शब्द दाखल झाला आणि तेव्हापासून तो तिथे चालतो, मग लावणाऱ्याला त्याचा अर्थ येवो वा न येवो. घरगुती मराठी खेळाला असा आधार नसल्यामुळे आपणच तो नेमावा लागतो. आम्ही दाते आणि कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ प्रमाण मानतो, ज्याचे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात निघाले, आणि जोडीला मोल्सवर्थचा १८५७ सालचा मराठी-इंग्रजी कोश ठेवतो. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर दोन्ही शोधता येतात, त्यामुळे जाडजूड खंड घरात असण्याची गरज नाही. ज्येष्ठांच्या स्मरणशक्तीला मात्र कोश मानू नये, मग त्या खुद्द आमच्या आत्याबाई का असेनात.

मागच्या वर्षी पुण्याहून आलेल्या भाच्याने ‘धोटा’ या शब्दाला हरकत घेतली. ज्या आजीने उमेदीची वर्षे मागासाठी कांड्या भरण्यात घालवली, तिच्यासमोर ही हरकत घेणे धाडसाचेच होते. आजीने विणकराच्या हातातला धोटा उभ्या सुतातून इकडून तिकडे कसा धावतो, हे हवेत हात फिरवून दाखवले. तरीही निर्णय आम्ही कोश उघडून, त्यात शब्द सापडल्यावरच दिला. उलट ‘गड्डा’ या शब्दाला कुणीही हरकत घेऊ नये. आपण त्याचा अर्थ यात्रा असा घेतो आणि बाहेरचा माणूस कोबीचा गड्डा समजतो, पण खेळात शब्दाचे रूप मोजले जाते आणि त्याला एक मान्य अर्थ असला की पुरे. धपाट्याचेही तसेच, ताटातला असो वा पाठीतला, गुण तेवढेच.

खरी अडचण लेखनाची आहे आणि तिच्याकडे बहुतेकांचे लक्ष नसते. हे दोन्ही कोश साहित्य महामंडळाच्या लेखननियमांपूर्वीचे आहेत. त्या नियमांपैकी चौदा १९६२ साली आणि आणखी चार १९७२ साली आले. त्यांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले आणि ‘कवि’, ‘मति’ यांसारख्या तत्सम शब्दांचा शेवट दीर्घ केला. कोशात मात्र ‘पांच’ आणि ‘गांव’ अशीच रूपे आहेत. आमच्या आत्येभावाने अनुस्वाराची जादा सोंगटी खपवण्यासाठी ‘पांच’ लावला आणि कोशातली नोंद पुढे केली. तेव्हापासून आमच्याकडे शब्द आहे की नाही हे जुना कोश सांगतो आणि तो कसा लिहायचा हे आजचे नियम सांगतात.

प्रत्यय लागलेली रूपे कोशात स्वतंत्रपणे सापडत नाहीत, पण मराठीत प्रत्यय जोडूनच लिहितात, म्हणून ‘रस्त्याला’ चालू द्यावे. नुसते ‘रस्त्या’ लावणाऱ्याला त्या रूपाचे वाक्य करायला सांगावे. ‘देवा’ हे संबोधन असल्यामुळे वाक्यात एकटे उभे राहते, ‘रस्त्या’ राहत नाही. विशेषनामे सरसकट बाद करावीत.

कोशात न सापडणारे, पण गावात रुळलेले शब्द उरतात. सोलापुरात मराठीच्या शेजारी कन्नड, तेलुगू आणि उर्दू नांदतात, तेव्हा असे शब्द येणारच. ‘हुग्गी’, म्हणजे गव्हाची खीर, असा शब्द आला तर खेळात नसलेल्या तिघांना वेगवेगळे विचारावे की तो, ती की ते, आणि त्याला ‘-त’ लावून दाखवा. तिघांनीही ‘ती हुग्गी’ आणि ‘हुग्गीत गूळ कमी पडला’ असे न अडखळता म्हटले, तर शब्द मराठीत मुरला असे समजावे. उत्तरे फुटली तर सोंगट्या उचलाव्यात. असा मान्य झालेला शब्द वहीत तारखेसह लिहावा, म्हणजे पुढच्या वर्षी तोच वाद नव्याने होत नाही.

ऊठसूट हरकती येऊ नयेत म्हणून हरकत खोटी ठरल्यास घेणाऱ्याची एक पाळी जावी आणि खरी ठरल्यास लावणाऱ्याची.

आमच्या वहीत ‘शाळू’ शाईने लिहिलेला आहे. ‘मालदांडी’ पेन्सिलीने आहे, कारण मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेल्या ज्वारीच्या वाणाचे नाव हे विशेषनाम धरावे की भाकरीबरोबर ते सामान्यनाम झाले, यावर मामा आणि आत्याबाई यांचे अजून एकमत व्हायचे आहे.