सोनटक्का: नुसती पानं वाढतात, फूल येत नाही, त्याचं काय?

सोनटक्क्याच्या प्रत्येक दांड्याला फुलोरा एकदाच येतो, आणि तोही शेंड्यावर. सोनटक्का लावताना आणि सांभाळताना जे काही करायचं ते या एका गोष्टीवरून ठरतं. बुंध्यापासून निघालेला कोंब दीड-दोन मीटर वाढतो, दोन्ही बाजूंना ओळीनं पानं धरतो, मग शेंड्याला हिरव्या खवल्यांचं कणीस येतं आणि त्यातून फुलं उमलतात. फुलणं संपलं की त्या दांड्याचं काम संपलं. पुढची फुलं नव्या कोंबावर. त्यामुळे बेटातून दर हंगामात भरपूर नवे, जाड कोंब निघतील आणि त्यातला प्रत्येक विनाअडथळा शेंड्यापर्यंत पोचेल, एवढंच साधायचं असतं. सोनटक्का ‘रुसतो’ तेव्हा यातलंच काहीतरी अडलेलं असतं.

हे आलं-हळदीच्या कुळातलं झाड. शास्त्रीय नाव हेडिचियम कोरोनॅरियम. मूळचं पूर्व हिमालय ते दक्षिण चीन या पट्ट्यातलं. तिथे ते ओढ्याकाठी, विरळ सावलीच्या दमट जागी वाढतं. म्हणजे उबदार हवा, कायम ओलसर पण सकस माती आणि गाळून आलेलं ऊन. या तिन्हींपैकी ओलीबद्दल लोक जागरूक असतात. उन्हाच्या बाबतीत मात्र हमखास चुकतं.

जागा

‘सावलीतलं झाड’ म्हणून सोनटक्का भिंतीआड किंवा मोठ्या झाडाच्या गर्द सावलीत लावला जातो. तिथे तो जगतो, हिरवागार दिसतो आणि वर्षानुवर्षं फुलत नाही. त्याला रोज चार-पाच तास थेट ऊन लागतं, शक्यतो सकाळचं. दुपारी सावली मिळाली तर उत्तम. दिवसभर कडक ऊन असेल तरी चालेल, पण मग पाण्यात खाडा नको. ओल कमी पडली की पानं लांबीत गुंडाळतात आणि टोकं करपतात. वारा सोसाट्याचा असेल तर आडोसा पाहा, कारण कणीस आल्यावर दांडे वरून जड होतात आणि पावसात आडवे पडतात.

कंद निवडणं आणि लावणं

बी रुजवण्याच्या भानगडीत पडू नये. बागेत फळं क्वचित धरतात, बियांची उगवणक्षमता लवकर जाते, आणि रोप फुलायला दोन-तीन वर्षं लागतात. कंदाचा तुकडा लावणं हाच सोपा मार्ग. वेळ थंडी ओसरून हवा तापू लागते ती, म्हणजे डोळे फुगायला लागतात तेव्हा.

तुकडा हाताला घट्ट, जड लागला पाहिजे. लांबी ८ ते १० सेंटिमीटर आणि त्यावर किमान दोन-तीन ठळक डोळे. एका डोळ्याचा बारीक तुकडाही उगवतो, पण पहिलं वर्षभर तो फक्त अंग धरतो. मोठ्या बेटाचे तुकडे करायचे असतील तर बाहेरच्या कडेचे ताजे कंद घ्या. मधले जुने, लाकडासारखे झालेले कंद कमी फुटतात. सुरी धारदार आणि स्वच्छ हवी. कापलेली बाजू सावलीत एक दिवस सुकू द्या. आधी कुजण्याचा त्रास झाला असेल तर लिटरभर पाण्यात ३ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक कालवून त्यात कंद १५-२० मिनिटं बुडवा, मग सुकवा.

जमिनीत लावायचा तर ३० सेंटिमीटर खोल माती मोकळी करा आणि त्यात मुरलेलं शेणखत किंवा कंपोस्ट सढळ मिसळा, साधारण दोन भाग मातीला एक भाग. दोन कंदांत ४५ ते ६० सेंटिमीटर अंतर ठेवा. पहिल्या वर्षी वाफा उघडा-बोडका वाटेल. तिसऱ्या वर्षी हेच अंतर कमी वाटतं.

खोलीकडे लक्ष द्या. कंद आडवा, डोळे वर, आणि वर फक्त ३ ते ५ सेंटिमीटर माती. सोनटक्क्याचा कंद स्वभावानेच जमिनीच्या वरच्या थरात आडवा सरकत जातो. जुन्या बेटात तर त्याची पाठ उघडी दिसते आणि त्यात काही बिघडत नाही. खोल पुरलेला कंद कोंब वर काढण्यातच ताकद घालवतो, आणि माती जड असली तर वाटेतच कुजतो.

कुंडीसाठी उंचीपेक्षा रुंदी पाहा. १४ ते १६ इंच तोंडाची, तळाला मोठी भोकं असलेली कुंडी एका कंदाला दोन वर्षं पुरते. माती आणि कंपोस्ट समान, त्यात पाचवा हिस्सा कोकोपीट किंवा कुजलेला पालापाचोळा. पातळ प्लास्टिकची कुंडी कंद वाढताना फुगते, कधी फुटते. वजनदार आणि जाड काठाची घेतलेली बरी.

पाणी

इथे दोन अगदी वेगळे टप्पे आहेत आणि दोन्हींना एकच नियम लावला की कंद जातो. नुकत्या लावलेल्या कंदाला ना मुळं असतात ना पानं. तो पाणी ओढू शकत नाही. लावल्यावर एकदा पाणी द्या आणि कोंब दिसेपर्यंत माती नुसती दमट ठेवा. हवा उबदार असेल तर तीन-चार आठवड्यांत कोंब येतो. या काळात ‘पाणी आवडणारं झाड’ म्हणून रोज आळं भरलं तर कंद सडतो.

कोंब वीतभर झाला, दोन-तीन पानं उलगडली की नियम उलटा होतो. आता माती कधीच पूर्ण सुकू द्यायची नाही. कोरड्या हवेत कुंडीला रोज, कडक उन्हात दोनदाही पाणी लागतं. वाढीच्या काळात सोनटक्का पाणथळ जागाही सोसतो, अगदी तळ्याच्या काठाला लावता येतो. कणीस तयार होण्याच्या सुमारास ओढ बसली तर कळ्या खवल्यांतच तपकिरी होऊन राहतात. बुंध्याशी ५ ते ८ सेंटिमीटर पालापाचोळ्याचं आच्छादन दिलं तर पाण्याची निम्मी काळजी मिटते. फक्त नव्या कोंबांवर ओला ढीग चढवू नका.

खत

हे खादाड झाड आहे. नवे कोंब निघताना बेटाभोवती दोन इंच जाडीचा कंपोस्टचा थर द्या. पुढे वाढीच्या काळात दर पंधरा दिवसांनी शेणाची पातळ स्लरी, एका भागाला दहा भाग पाणी. किंवा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात) हे विद्राव्य खत लिटरला २ ग्रॅम. युरिया टाळा. त्याने पानं रुंद, गडद आणि लुसलुशीत होतात, मावा धावून येतो आणि फुलं मागे पडतात. थंडी सुरू झाली की खत बंद.

कुंडीच्या मातीवर पांढरा पापुद्रा आणि पानांच्या कडा तपकिरी दिसल्या तर क्षार साठलेत. कुंडीतून भरपूर साधं पाणी दोन-तीनदा निथळून जाऊ द्या. कोवळं पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या, हे चुनखडीच्या मातीत लोह न मिळाल्याचं लक्षण. चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह) लिटरला अर्धा ते एक ग्रॅम घालून फवारा. कायमचा उपाय मात्र सेंद्रिय खत वाढवणं हाच.

काय कापायचं, काय नाही

झाड फार उंच झालं म्हणून दांडे मधूनच छाटणं, हे सोनटक्क्याला फुलं न येण्याचं अगदी नेहमीचं कारण. जास्वंद छाटली की फांद्या फुटतात. सोनटक्क्याचा दांडा मधून कापला तर त्याला फांदी फुटत नाही. शेंडा गेला म्हणजे त्या दांड्याचं फूल गेलं.

कापायचा तो फुलून गेलेला दांडा, तोही जमिनीलगत. कणसातली शेवटची फुलं गळून खवले सुकले, पानं पिवळी पडू लागली की धारदार कात्रीने बुडापासून काढा. जुने दांडे निघाले की उजेड आणि हवा नव्या कोंबांपर्यंत पोचते. न फुललेला हिरवा दांडा मात्र उभा राहू द्या. हवा उबदार राहिली तर तो पुढे फुलतो.

फुललेल्या कणसाला हात लावतानाही जपून. एका खवल्याआड दोन ते सहा कळ्या असतात आणि त्या एकामागून एक बाहेर येतात. म्हणूनच एकेक फूल दीड दिवसात मलूल होत असलं तरी कणीस दोन-तीन आठवडे फुलत राहतं. सुकलेलं फूल ओढून काढलं तर मागची कळीही निघून येते. ते आपोआप गळू द्या.

तरीही फूल नाही?

या क्रमाने तपासा. थेट ऊन चार तासांपेक्षा कमी आहे का. असेल तर बाकी काही बघायची गरज नाही, आधी जागा बदला. गेल्या वर्षभरात बेट हलवलं किंवा विभागलं होतं का. तसं असेल तर एक हंगाम थांबा. दांडे बोटापेक्षा बारीक आणि दाटीने उगवलेत का. मग बेट म्हातारं झालंय, ते उकरून विभागायला हवं. हे काम जमिनीत तीन-चार वर्षांनी आणि कुंडीत दोन वर्षांनी येतंच. थंड प्रदेशात आणखी एक अडचण असते: दांडा शेंड्यापर्यंत पोचेस्तोवर हंगामच संपतो. तिथे कुंडी घरात, उबेला ठेवून कोंब आधीच फुटवून घ्यावा लागतो.

पारा १० अंशांच्या खाली राहू लागला की वाढ थांबते, पानं पिवळी पडतात. दंव गोठलं की वरचा भाग काळा पडतो, पण कंद सहसा वाचतो. त्यावर १० ते १५ सेंटिमीटर वाळका पाला घाला आणि पाणी अगदी कमी करा. माती गोठते अशा ठिकाणी कुंडी आत घ्या आणि महिन्यातून एकदोनदा ओल द्या.

कीड आणि रोग

पानाची सुरळी झाली आणि आत हिरवट अळी दिसली तर ती बहुधा एका लहान, तपकिरी-पांढऱ्या फुलपाखराची. आल्या-हळदीवरही हीच येते. हाताने वेचून काढणं पुरतं, फवारणीची काही गरज नाही. खोडअळी त्रासदायक: मधला पोंगा (शेंड्याचं न उलगडलेलं पान) वाळतो, दांड्याला भोक आणि त्यातून भुसा. तो दांडा बुडातून कापून नष्ट करा. कोरड्या हवेत पानावर फिकट ठिपके आणि खाली बारीक जाळी म्हणजे लाल कोळी. पानांची खालची बाजू पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा. मग लिटरला ५ मिलि कडुनिंबाचं तेल आणि थोडा द्रवसाबण, संध्याकाळी फवारा.

कंदकूज ओळखणं सोपं. खालची पानं पिवळी पडतात, दांडा ओढला की अलगद हातात येतो, बुडाला घाण वास. कुजलेला भाग निरोगी, फिकट पांढरा गर लागेपर्यंत कापून टाका आणि उरलेला कंद नव्या मातीत लावा. पण पानं हिरवी असतानाच अख्खं बेट मान टाकत असेल, तर दांडा कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात धरा. कापातून दुधाळ धागे उतरले तर तो जिवाणूजन्य मर रोग. त्यावर औषध शोधत बसू नका. बेट मातीसकट काढा, कात्री निर्जंतुक करा, आणि त्या जागी काही वर्षं आलं, हळद, सोनटक्का यातलं काही लावू नका.

फुलं घरात ठेवायची तर

पाकळ्या इतक्या नाजूक की बोट दाबलं तरी तपकिरी डाग उठतो, म्हणून दांडीला धरूनच तोडा. दुपारनंतर लांबट, फुगलेल्या कळ्या काढून उथळ पाण्यात ठेवल्या तर संध्याकाळी उमलतात आणि वास तेव्हाच सर्वांत गडद असतो. अख्खं कणीस फुलदाणीत हवं असेल तर पहाटे, दोन-तीन फुलं उघडलेली असताना कापा आणि पाणी रोज बदला.

विभागणी करताना उरलेले कंद ओढ्यात किंवा पाणवठ्याच्या काठी फेकू नका. क्यूबाचं राष्ट्रीय फूल असलेलं हेच झाड ब्राझील आणि हवाईमध्ये ओढ्याकाठची मूळची वनस्पती हटवणारं तण ठरलं आहे, आणि एक डोळा असलेला तुकडाही तिथे रुजायला पुरतो. नको असलेले कंद उन्हात पार वाळवून मगच कंपोस्टात घाला.