क्रूझच्या आधी-नंतर बेटावरचं आलिशान हॉटेल : या चुका टाळा

हॉटेलच्या फोटोंत निळं पाणी असतं, पांढरी वाळू असते, खांबांवर उभा असलेला लाकडी व्हिला असतो. जहाजाचा धक्का मात्र एकाही फोटोत नसतो. क्रूझला जोडून हॉटेल शोधताना निम्मा हिशोब नेमका त्या न दिसणाऱ्या धक्क्यापासून सुरू करावा लागतो.

आधीचा मुक्काम आणि नंतरचा मुक्काम दिसायला सारखेच, पण दोघांची कामं वेगळी. आधीच्या हॉटेलचं काम एकच : झोप झालेल्या अवस्थेत, सामानासकट, वेळेवर तुम्हाला जहाजाच्या दारात उभं करणं. नंतरच्या हॉटेलला कसलीच घाई नसते. मी पाहिलेल्या बहुतेक फजित्या या दोन कामांची अदलाबदल केल्यामुळे झालेल्या आहेत.

दूरचं बेट आधी घेणं

अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून क्रूझ निघणार म्हटलं, की 'आधी तीन रात्री सँटोरिनीला राहू' हा बेत हमखास सुचतो. नकाशावर ते जवळ दिसतं. प्रत्यक्षात साधी फेरीबोट सात-आठ तास घेते, वेगवान फेरी पाच-एक तास. शिवाय जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर मेल्टेमी हा उत्तरेचा वारा सुटतो. तो फार वाढला की बंदराचे अधिकारी फेऱ्यांना निघूच देत नाहीत, आणि वेगवान बोटींवर बंदी सहसा आधी येते. विमान आहे, जेमतेम पाऊण तासाचं. पण फेऱ्या बंद पडल्या की अडकलेले सगळेच विमानाकडे धावतात.

त्यात 'जहाज पाच वाजता सुटतं' या वाक्यावर लोक विसंबतात. पाच ही जहाजाची वेळ, तुमची नव्हे. चेक-इन साधारण तासभर ते दीड तास आधी बंद होतं आणि त्यानंतर धक्क्यावर धावत आलेल्यासाठी सहसा कोणी थांबत नाही.

उपाय सरळ आहे : सँटोरिनी क्रूझनंतर ठेवा. काही कारणाने आधीच जायचं असेल, तर शेवटची पूर्ण रात्र पिरेयस किंवा अथेन्समध्ये काढा, भले ते हॉटेल साधं असो. आणि तरीही अडकलातच, तर हॉटेलच्या स्वागतकक्षाशी वाद घालण्यात वेळ घालवू नका. क्रूझच्या कागदपत्रांवर तातडीचा नंबर असतो, तिथे आधी फोन करा. पुढच्या बंदरात जहाज गाठू देतात की नाही, हे कंपनीवर आणि त्या देशाच्या नियमांवर ठरतं. पासपोर्ट हातात असेल तरच तो पर्याय उरतो.

क्रूझ बेटावरूनच निघत असेल, तर मात्र हे गणित उलटं होतं. बार्बाडोसचं ब्रिजटाउन, पोर्टो रिकोचं सान हुआन, ताहितीचं पापीती इथे बेट म्हणजेच बंदर. तिथे दोन-तीन दिवस आधी जाऊन खुशाल आलिशान हॉटेलात राहा. मध्ये समुद्र ओलांडायचा नाही, हीच खरी चैन. पण पापीतीहून निघणाऱ्या क्रूझआधी बोरा बोराला जाऊन येणं म्हणजे पुन्हा सँटोरिनीचीच गोष्ट : पाऊण-एक तासाचं छोटं विमान, आणि तिथला विमानतळच वेगळ्या छोट्या बेटावर असल्यामुळे पुढे बोट. परतताना हे सगळं पुन्हा. शिवाय पापीतीच्या अनेक क्रूझ बोरा बोराला थांबतातच. थांब्यांची यादी बघून मग बेट निवडा.

बेट बघितलं, किनारा बघितला नाही

बेटाला दोन बाजू असतात आणि त्या सख्ख्या असूनही स्वभावाने सावत्र असतात. कॅरिबियनमध्ये व्यापारी वारे पूर्वेकडून वाहतात. त्यामुळे बार्बाडोसच्या पूर्वेला, बाथशेबाच्या बाजूला, अटलांटिकच्या लाटा आदळतात. सर्फिंगवाल्यांचा तो स्वर्ग, पोहणाऱ्यांनी लांबूनच बघावा. पश्चिमेला, होलटाउनच्या आसपास, समुद्र बहुधा शांत. महागडी हॉटेलं तिथेच का उभी आहेत याचं उत्तर वाऱ्यात आहे. पूर्वेकडचं हॉटेल निम्म्या दरात मिळालं म्हणून आनंदून गेलेला माणूस तीन दिवस खिडकीतून लाटा मोजत बसतो. नुसता निसर्ग हवा असेल तर त्यात वाईट काही नाही, पण तसं ठरवून जावं.

सारगॅसमचंही तसंच. ही तपकिरी समुद्री वनस्पती २०११ पासून कॅरिबियनच्या किनाऱ्यांवर मोठ्या प्रमाणात येऊन पडू लागली. वसंतापासून उन्हाळ्यापर्यंत तिचा जोर जास्त, आणि वाऱ्याच्या तोंडावरच्या बाजूला ढीग जास्त. कुजायला लागली की सडक्या अंड्यांसारखा वास येतो. हॉटेलकडे माहितीपत्रक मागू नका, या आठवड्यात काढलेला किनाऱ्याचा फोटो मागा. टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजा.

मॉरिशसला जून ते सप्टेंबरमध्ये आग्नेयेचे वारे पूर्व किनाऱ्याला झोडपतात. त्या दिवसांत पश्चिम आणि उत्तर किनारा निवांत. क्रूझ पोर्ट लुईला संपते, म्हणजे पश्चिमेलाच. विमानतळ मात्र आग्नेय टोकाला. शेवटच्या दिवशी पहाटेचं विमान असेल, तर हे अंतर आधी मोजून ठेवा.

शहर बरोबर, टर्मिनल चुकीचं

सिंगापूरला दोन क्रूझ टर्मिनल आहेत : हार्बरफ्रंट आणि मरीना बे. सेंटोसा बेटावरचं रिसॉर्ट हार्बरफ्रंटच्या अगदी समोर, म्हणून लोक निश्चिंत होतात आणि जहाज लागतं मरीना बेला. सान हुआनमध्येही काही जहाजं जुन्या शहराच्या पायथ्याशी लागतात, काही खाडीपलीकडच्या पॅन अमेरिकन धक्क्यावर. टर्मिनलचं नाव तिकिटावर असतं. टॅक्सीत बसायच्या आधी ते वाचा.

सिंगापूरहून बिनतान बेटावर जाणाऱ्यांसाठी एक जादा सूचना. बिनतान इंडोनेशियात आहे, म्हणजे देश बदलतो, पासपोर्टवर पुन्हा शिक्के बसतात, आणि घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे असतं. फेरीच्या वेळा त्या-त्या ठिकाणच्या असतात. हा एक तास क्रूझच्या दिवशी फार महाग पडू शकतो.

सकाळी आठला जहाजातून बाहेर, खोली दुपारी तीनला

नंतरच्या मुक्कामातली ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती जवळजवळ प्रत्येकजण एकदा करतोच. जहाजाला त्याच दिवशी नवे प्रवासी घ्यायचे असतात, म्हणून सकाळी नऊ-दहापर्यंत सगळ्यांना उतरवतात. हॉटेलची खोली दोन-तीनच्या आधी तयार नसते. मधले पाच-सहा तास तुम्ही चार बॅगांसह, घामाघूम, स्वागतकक्षातल्या सोफ्यावर.

'लवकर चेक-इन मिळेल का?' असं विचारलं की 'उपलब्ध असल्यास' असं गोड उत्तर मिळतं. त्याचा अर्थ बहुतेक वेळा नाही असाच असतो. लेखी हमी मिळत असेल तर तिचे पैसे भरा, किंवा आदल्या रात्रीपासूनच खोली घ्या आणि आपण सकाळी येणार आहोत हे हॉटेलला कळवा. नाहीतर रात्री आला नाहीत म्हणून ते बुकिंगच रद्द करतील. दोन्ही परवडत नसेल, तर पोहण्याचे कपडे, औषधं, चार्जर आणि चप्पल हातातल्या पिशवीत ठेवा. मोठ्या बॅगा आदल्या रात्री केबिनबाहेर ठेवायच्या असतात आणि त्या तुम्हाला थेट टर्मिनलमध्येच दिसतात, हे लोक विसरतात. रात्रीच्या कपड्यांवर जहाजातून उतरावं लागलेलं माणूस दर सफरीला एखादं तरी असतं. हॉटेलात बॅगा सांभाळायला दिल्या की पोहण्याच्या तलावाकाठी दुपार बरी जाते.

क्रूझनंतर मालदीव जोडणाऱ्यांना आणखी दोन अडचणी येतात. रिसॉर्टला नेणारी सीप्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारी छोटी विमानं, दिवसाउजेडीच उडतात. विमान संध्याकाळी उतरलं तर ती रात्र राजधानी मालेजवळ काढावी लागते आणि रिसॉर्टची एक महागडी रात्र वाया जाते. दुसरं, सीप्लेनमध्ये सामानाची मर्यादा साधारण २० किलो, हातातलं ५ किलो. क्रूझच्या औपचारिक जेवणाचे सूट आणि उंच टाचांचे बूट इथे किलोच्या हिशोबाने मोजले जातात.

तारखा आणि व्हिसा

विमान १० तारखेला रात्री साडेबाराला उतरणार असेल, तर खोली ९ तारखेपासून हवी. हे माहीत असूनही चुकतं. त्याहून फसवी गोष्ट पॅसिफिकमधली : ताहितीहून फिजी किंवा न्यूझीलंडकडे जाताना आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली की कॅलेंडरमधला एक दिवस गायब होतो, उलट दिशेने तोच दिवस दोनदा येतो. किती रात्री होतात ते बोटांवर मोजून हॉटेल घेऊ नका. जहाजाच्या वेळापत्रकावर छापलेली उतरण्याची तारीखच धरा.

शेंगेन व्हिसा (ग्रीससह युरोपातल्या अनेक देशांचा सामायिक व्हिसा) लागणाऱ्यांनी एकदाच प्रवेशाचा व्हिसा घेऊ नये. ग्रीसहून निघालेलं जहाज तुर्कस्तानात थांबून परत आलं, की तो दुसरा प्रवेश धरला जाऊ शकतो, आणि नंतरचा बेटावरचा मुक्काम तिथेच संपतो.

पैसे कुठे जातात

आधीच्या एका रात्रीसाठी 'सर्व समाविष्ट' दर घेणं मला तरी पटत नाही. संध्याकाळी पोचायचं, सकाळी निघायचं. त्यात खाऊन-पिऊन वसूल काय होणार? नंतरच्या मुक्कामातही आठवडाभर बुफे झाल्यावर नाश्त्यापुरता दर पुरतो. पण दूरच्या एकट्या बेटावर एकच रिसॉर्ट असेल, तर तिथे बाहेर जेवायला जागाच नसते, म्हणून तिथे उलट सल्ला.

खोलीच्या दरात बोट किंवा सीप्लेनचं भाडं सहसा नसतं. रिसॉर्ट फी हाही असाच लपलेला खर्च. अमेरिकेत मे २०२५ पासून ती सुरुवातीच्या एकूण दरातच दाखवणं बंधनकारक आहे, इतरत्र शेवटच्या पानापर्यंत वाचावं लागतं.

अटलांटिकमधला चक्रीवादळांचा काळ १ जून ते ३० नोव्हेंबर, सप्टेंबरच्या सुमारास ऐन भरात. जहाज वादळाला वळसा घालून दुसऱ्याच बंदरात जाऊ शकतं. तुमचं हॉटेल जागेवरच राहतं. या महिन्यांत रद्द करता येणारा दर घ्या, थोडा जास्त असला तरी. विमाही वादळाला नाव मिळायच्या आधी काढा. नंतर काढलेल्या विम्यात ते वादळ सहसा धरत नाहीत.

शेवटचा मुद्दा किरकोळ वाटेल. जहाजातून उतरल्यावर एक-दोन दिवस बऱ्याच जणांना पायाखालची जमीन डोलतेय असं वाटतं. त्याच अवस्थेत खाली पाणी हलताना दिसणाऱ्या व्हिलात झोपणं सगळ्यांना मानवत नाही. पहिली रात्र बागेतली खोली आणि पुढच्या रात्री पाण्यावरचा व्हिला, अशी विभागणी अनेक रिसॉर्ट करून देतात. बॅगा तेच हलवतात.