एकटीनं चिखलदरा: निघायच्या आधीची यादी

पायाची नखं कापा. बाकीचं पुढं सांगतेच, पण अर्ध्यात वाचणं सोडलंत तरी एवढं झालं पाहिजे, म्हणून हे आधी. निघायच्या दोन-तीन दिवस आधी, दिवसाउजेडी, सरळ रेषेत कापायची. कोपरे आत कोरायचे नाहीत, नाहीतर तिथं सल धरते. मग बोटाच्या टोकावरून अंगठा फिरवून बघायचा. नख टोचलं की अजून कापायचं बाकी आहे.

मागच्या डिसेंबरात मी पहिल्यांदा एकटी डोंगरात गेले. आमचं गाव अंजनगावकडचं, चहूकडं काळी सपाट जमीन. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ लहानपणापासून दिसते, पण तिथं पायी फिरून आलेली बाई आमच्या आळीत एकही नाही. पिशवी आठ दिवस आधीपासून भरत होते. नखांची आठवण झाली शुक्रवारी रात्री. नेलकटर घेऊन बसले तर माय म्हणाली, "दिवे लागल्यावर नखं नाही काढत वं. उद्या शनिवार हाय, आता रविवारीच काढजो." शनिवारी पहाटे मी निघाले, नखं तशीच. म्हणून आता माझा दिवस ठरलेला आहे: शनिवारी जायचं असेल तर नखं गुरुवारी. घरात कोणाशी वाद घालायचं काम पडत नाही आणि चुकून खोल कापलं गेलं तर भरून यायला एक दिवस हातात राहतो.

आता जोडे. महागाचे ट्रेकिंगचे लागत नाहीत. तळव्याला खाचा असलेले साधे कापडी स्पोर्ट शूज चालतात, पण नवेकोरे घालून जाऊ नका, आठवडाभर वावरात घालून फिरा. घ्यायला संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडा फुगलेला असतो. जे मोजे घालणार तेच घालून माप बघा. उभं राहिल्यावर बोटांच्या पुढं अंगठ्याएवढी जागा उरली पाहिजे. दुकानदार म्हणतील, "सैल होईल ताई, एक नंबर लहान घ्या." ऐकू नका. उतारावर पाय जोड्यात पुढं सरकतो. जागा नसली की प्रत्येक पावलाला अंगठ्याचं नख जोड्याच्या टोकावर आदळतं, आणि नख वाढलेलं असलं की तो मार थेट नखाच्या मुळाशी जातो. एका पावलाला काहीच वाटत नाही. घाट उतरताना अशी हजारो पावलं पडतात.

आम्हा सपाटीवरच्या माणसांचा इथंच घात होतो. रोज वावरात जाऊन-येऊन सहा-सात किलोमीटर सहज होतात, त्यामुळं चालायची भीती नसते. चढाला दम लागतो, थांबलं की जातो. उतार मात्र आपल्या पायांनी कधी पाहिलेलाच नसतो. गुडघा, पोटरी आणि बोटांची टोकं, सगळा भार तिथं. सरावाला डोंगर नसला तरी गावातल्या पाण्याच्या टाकीचा किंवा शाळेचा जिना आहे. पंधरा दिवस रोज वीस-पंचवीस वेळा उतरा. चढायचं म्हणत नाही मी, उतरायचं म्हणते.

कुठं जायचं, तर पहिल्यांदा गाविलगडच. चिखलदरा समुद्रसपाटीपासून साधारण 1,100 मीटरवर आहे. परतवाड्याहून तीसेक किलोमीटर, घाट एसटी चढते, आणि गावातून गड दोनेक किलोमीटरवर. गडाच्या बाकी बाजूंना कडे आहेत, उत्तरेची बाजू तेवढी पठाराला जोडलेली. 1803 च्या डिसेंबरात इंग्रजांनी तोफा डोंगरातून ओढत याच बाजूला आणल्या आणि 15 तारखेला गड घेतला. दोन दिवसांनी इंग्रज आणि नागपूरकर भोसले यांच्यात देवगावचा तह झाला. आपणही पठारावरूनच आत शिरतो, म्हणून गडाला मोठा चढ लागत नाही. नवख्या माणसाला हे बरं, पण फसवंही तेवढंच. मला वाटलं, हे तर सोपं आहे. शार्दूल दरवाज्यावरचं कोरीव काम बघितलं, तलावाच्या काठी बसून डबा खाल्ला, तीन-साडेतीन तासांत फिरून झालं. मग हौस आली, घाटाच्या रस्त्यानं खाली चालत निघू, मागून गाडी आली की हात करू.

वाटेवरचं मोथा गाव ओलांडून पुढं गेल्यावर डावा अंगठा जळायला लागला. जोडा काढला तर नखाखाली जांभळा डाग. पुन्हा घातला, आडवी-तिडवी पावलं टाकत उतरले. थांबायच्या जागी पोचायच्या आधीच गाडी निघून गेली. शेवटी दूध घेऊन खाली जाणाऱ्या एका गाडीत नवरा-बायको होते, त्यांनी बसवून घेतलं. ते नसते तर अंधारात त्या वळणावर मी एकटी होते, हे आजही आठवतं. दुसऱ्या दिवशी दोन्ही अंगठे काळे. ऐन वेचणीचे दिवस, मी चपलेत लंगडत कापूस वेचला. तिसऱ्या आठवड्यात डावं नख मुळापासून निघून आलं. अंगठ्याचं नख पूर्ण यायला वर्ष-दीड वर्ष लागतं. माझं अजून अर्धंच आलं आहे. तेव्हा कृपा करून नखं कापा. आणि उताराला लागण्याआधी बसून नाड्या पुन्हा बांधा, घोट्याजवळ घट्ट आणि बोटांकडं सैल, म्हणजे टाच मागं धरून राहते.

दिवस कोणता? पावसाळ्यात चिखलदरा फार देखणा होतो, सगळे तेव्हाच जातात. पहिल्यांदा एकटीनं जायचं तर नको. धुक्यात दहा हातांवरचं दिसत नाही आणि दगडी पायऱ्यांवर शेवाळ असतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ठीक. पण त्या दिवसांत अंधार लवकर पडतो. डिसेंबरात इकडं पावणेसहाच्या सुमारासच सूर्य मावळतो, मुंबईपेक्षा वीसेक मिनिटं आधी. तिकडच्या लोकांचे व्हिडिओ बघून वेळ ठरवू नका. चारला गडाबाहेर, म्हणजे चारलाच.

वेळेचा हट्ट अंधारापुरता नाही. हा मेळघाट आहे, 1973-74 सालीच व्याघ्र प्रकल्प झालेलं जंगल. वाघाचं नाव सगळे घेतात, पण पायी माणसाला खरी भीती अस्वलाची. गडावर गवत डोक्याएवढं वाढतं, पडके वाडे आहेत, अंधाऱ्या कोनाड्या आहेत. आत डोकावू नका. सकाळी ऊन चढल्यावर आत शिरा, मळलेली वाट सोडू नका, एकट्या असाल तर मोठ्यानं गाणं म्हणत चाला, म्हणजे जनावराला आधीच चाहूल लागते. कानात इअरफोन अजिबात नको. वनखात्याचा नाका लागला तर पावती घ्या आणि आत कुठपर्यंत जाऊ देतात ते तिथंच विचारा. बुरुजांना आग्या मोहोळ असतं, त्यामुळं सेंट लावून जायचं नाही आणि खाली काडी पेटवायची नाही.

पैसे. एसटीत बायकांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळं अंजनगाव-परतवाडा-चिखलदरा जाऊन-येऊन माझे दोनशेच्या आत झाले. रोख न्या, सुट्या नोटा न्या, मोबाईलवरून पैसे पाठवायला रेंज असेलच असं नाही. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ परतवाडा स्टँडवर चौकशीच्या खिडकीत विचारा आणि चिखलदऱ्याला उतरल्यावर पुन्हा विचारा. हातावर पेनानं लिहून ठेवा. मुक्काम करायचा तर फोन करून आधीच विचारा, एकट्या बाईला खोली देता का. काही ठिकाणी दारातून परत पाठवतात, आणि ते रात्री आठला कळू नये.

खायचं घरून. दशम्या दोन दिवस टिकतात, सोबत तिळाची किंवा फल्लीची (शेंगदाण्याची) कोरडी चटणी, गूळ-फुटाणे, दोन संत्री. माकडं आहेत, हातात प्लास्टिकची पिशवी दिसली की ओढतात, म्हणून सगळं पाठीवरच्या पिशवीत. साली आणि कागद परत आणायचे. पाणी तीन लिटर, गडावरच्या तलावाचं प्यायचं नाही. मीठ-साखरेची पुडी.

कपडे रोजचेच, सलवार-कमीज चालतो, ओढणीला गाठ मारा. एक स्वेटर, वर आपल्यापेक्षा पाच-सहा अंशांनी गार असतं आणि वारा लागतो. बॅटरी, शिट्टी, चिकटपट्टी. जास्तीचे मोजे. पिशवीत नेलकटरही टाका, वर पोचल्यावर एखादं नख टोचतंय असं वाटलं तर उतरायच्या आधी बसून कापता येतं. मी आता नेतेच.

घरी एका माणसाला कागदावर लिहून द्या: कुठं जाते, कोणत्या वाटेनं, किती वाजता परत, आणि इतक्या वाजेपर्यंत फोन आला नाही तर काय करायचं. 112 सगळ्यांना माहीत असतो, रुग्णवाहिकेचा 108 आणि वनखात्याचा 1926 पण लिहा. माय वाचू शकत नसेल तर शेजारच्या पोराला वाचून दाखवायला सांगा.

परत आल्यावर मोजे काढून बोटं बघा, पाय कोमट पाण्यात, नखाखाली डाग दिसला तर सुई खुपसू नका, दवाखान्यात दाखवा. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या धरतील, दोन दिवसांत जातात. जोडे उन्हात वाळवा. मी ह्या शनिवारी पुन्हा जाते आहे, घाट ह्या वेळेस गाडीनंच उतरणार. आज गुरुवार, नखं दुपारीच कापली.